टेबलाखालची घरघर

बाई अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचतात आणि घरच्या संगणकावर रेकॉर्ड करतात. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून अशा कामाला लेखक-प्रकाशकांच्या परवानगीची अडचण उरलेली नाही. बाईंची अडचण वेगळी आहे. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधल्या जागेत एक घरघर ऐकू येते. वाचन चालू असताना ती दबते, बाई श्वासासाठी थांबल्या की वर येते. ज्या मुलाला पुस्तक कानानंच वाचायचं आहे, त्याच्यासाठी ही घरघर म्हणजे पानापानावर सांडलेली शाई. ती पुसता येते का, हे पाहायला मी गंधवानीला गेले.

गंधवानी धार जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. माळव्याचं पठार मागे टाकून नर्मदेच्या बाजूला उतरू लागलं की लागणारा हा भिल्ल-भिलालांचा मुलूख. बाईंचं घराणं पवारांबरोबर धारला आलेल्या मराठी कुटुंबांपैकी. इथल्या सरकारी शाळेत नोकरी झाली, निवृत्तीनंतरही त्या इथेच राहिल्या. एक खोली, स्वयंपाकघर आणि भिंतीला लागून पिठाची चक्की.

मे महिन्यात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कूलर बंद, छताचा पंखा बंद, खिडकी बंद. खोली तापते, तशी संगणकाच्या आतली हवाही तापते. त्याचा पंखा वेग वाढवतो आणि घरघर चढत जाते. बाई पहाटे उठून वाचतात, पण उन्हाळ्यात भिंती पहाटेही ऊनच असतात. धारच्या एका दुकानात त्यांना रंगीत दिव्यांचा, पाण्यावर चालणारा कूलर दाखवला गेला. त्याची किंमत काही हजारांत होती. "माझ्याकडे साडेतीनशे आहेत," बाई मला म्हणाल्या. "त्यात होईल तेवढं करायचं."

पाण्यानं संगणक थंड करण्यात गैर काही नाही. पुण्याच्या आयसरमध्ये सी-डॅकनं उभारलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक पाणी खेळवूनच थंड ठेवतात, आणि तिथे ते हवंच. पण एका माणसाचा आवाज टिपणाऱ्या यंत्राला तसला थाट विकू पाहणं मला पटत नाही.

दुरुस्ती करणारा मुलगा बाईंचाच जुना विद्यार्थी. भिलाला कुटुंबातला. इंदूरच्या जेल रोडवर काही वर्षं काम शिकून परत आला आणि बाजारात दुकान टाकलं. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, मागे दुरुस्तीचं टेबल. बाईंना तो अजून 'मैडम' म्हणतो आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. कॅबिनेट उघडून त्यानं संगणक चालू केला आणि आता काय काय बदलावं लागेल, असं मी विचारणार तोच हात वर केला. "पहले सुन लेने दो."

त्यानं लांब पेचकस घेतला. टोक मागच्या पंख्याच्या न फिरणाऱ्या चौकटीवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. मोटार मेकॅनिक इंजिनाचं बेअरिंग असंच ऐकतात. मग प्रोसेसरचा पंखा, वीज पुरवणारी एसएमपीएसची पेटी, हार्ड डिस्क. प्रत्येक ठिकाणी तो डोळे मिटून बराच वेळ थांबत होता. तीन वेगळे आवाज आहेत, असं त्यानं सांगितलं. मागचा लहान पंखा कोरडा पडून ओरडतोय, प्रोसेसरचा पंखा दम लागल्यासारखा पळतोय आणि डिस्कची थरथर पत्र्यात उतरून सगळं कॅबिनेट वाजतंय. मला तोवर एकच आवाज ऐकू येत होता. त्यानं पेचकस माझ्या हाती दिला, आणि खरंच, तिन्ही वेगळे निघाले.

वीज काढून प्रोसेसरवरचा पंखा सोडवला, तेव्हा खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसायला हव्या होत्या. दिसला तो राखाडी नमदा. धूळ आणि चक्कीचं पीठ थरावर थर बसून घट्ट झालं होतं. जळक्या पिठाचा वास खोलीभर पसरला. तो वास मला नंतरही कितीतरी दिवस आठवत राहिला, कारण घरघरीचं मूळ त्यातच होतं. पंखा फिरत होता, हवा ढकलत होता आणि ती हवा कुठे पोचतच नव्हती. पंख्याचा दोष असलाच तर इतकाच, की तो जिवाच्या आकांतानं आपलं काम करत होता.

सफाई अंगणात झाली. ब्लोअर मारताना तो पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवत होता. वाऱ्यानं पातं भन्नाट फिरलं तर बेअरिंग खराब होतं आणि पंख्याची मोटार उलट वीज तयार करून बोर्डात सोडू शकते. एसएमपीएसची पेटी त्यानं उघडली नाही. आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही वीज धरून असतात, म्हणून बाहेरूनच ब्रश आणि वारा.

प्रोसेसर २०११ च्या पिढीतला आय-फाइव्ह, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला. पूर्ण कामाला लागला तर ९५ वॉट उष्णता त्या नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर पडायची. तिला वाट देणारी पेस्ट वाळून खडूसारखी भुरभुरत होती. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही सपाट दिसले तरी मध्ये बारीक खळगे राहतात आणि त्यांत हवा अडकते. ॲल्युमिनियम हवेपेक्षा हजारो पटींनी चांगली उष्णता वाहून नेतं, म्हणून ती हवा हाकलायची. पेस्टचं काम तेवढंच. तिचा लेप जाड झाला तर तोच अडसर ठरतो. त्यानं जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी ठेवली.

मग पंखे. मागच्या ८० मिलिमीटरच्या पंख्याचं स्टिकर सोलून त्यानं शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला. ओरडणं थांबलं, पण हे काही महिन्यांचंच, असं तो लगेच म्हणाला. खरा इलाज म्हणून बाजूच्या झाकणावर १२० मिलिमीटरचा साधा पंखा बसवला. आकार दीडपट झाला की हवेला मिळणारी जागा सव्वादोन पट होते, म्हणून मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा देतो. आणि वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज अर्धा वाटतो. थोडा वारा सोडून इतकी शांतता मिळते, हे त्याला ऐकून ऐकून ठाऊक होतं.

वेग कमी करायला त्यानं काही विकत आणलं नाही. एसएमपीएसच्या पिवळ्या तारेत १२ व्होल्ट असतात, लाल तारेत ५. पंखा लालवर जोडला. पिवळी आणि लाल यांच्यामध्ये जोडून ७ व्होल्ट काढण्याची एक युक्ती आहे. त्यात पंख्याची वीज पाच व्होल्टच्या वाटेनं परत घुसते, म्हणून मैडमच्या संगणकावर ती करणार नाही, असं तो म्हणाला. पाच व्होल्टवर काही पंखे सुरूच होत नाहीत. त्यामुळे तो पुन्हा पुन्हा वीज घालवून, पुन्हा चालू करून पाहत राहिला. मी मोजायचं सोडून दिलं तरी तो थांबला नव्हता.

झाकणाला ठोकून भोकं पाडलेली जाळी होती. तिच्या कडांवर हवा शीळ घालते, म्हणून ती कापून तिथे तारेची जाळी लावली. उघडं ठेवता येत नाही, आत पाल शिरते. पंख्याच्या चार स्क्रूंखाली आणि कॅबिनेटच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे गेले. हार्ड डिस्क पत्र्यापासून सोडवून शिवणकामाच्या इलॅस्टिकवर टांगली. "मैडम, आता हा डबा हलवायचा नाही. आणि कूलरचं तोंड इकडे नको, ओलसर हवा आत जाते."

शेवटचा इलाज फुकटचा होता. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ वर आणली. एवढ्या एका टक्क्यानं टर्बो बंद होतो, म्हणजे प्रोसेसर जादा व्होल्टेज घेऊन ठरल्या वेगापुढे पळायचं सोडतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून फरक मोठा पडतो. आवाज रेकॉर्ड करायला तो जादा वेग लागतच नाही.

बाईंनी काम सुरू होण्याआधी रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आता सगळी दारं लावून आणखी एक मिनिट केलं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाखाली एक लावली. वरची पट्टी केसाळ, जाड. खालची जवळजवळ सरळ रेघ. बाईंनी हेडफोन लावून खालची पट्टी दोनदा ऐकली. चक्कीचा पट्टा ऐकू येतोय म्हणाल्या, तो याआधी कधी ऐकू आला नव्हता. त्यावर त्या मुलाचा इलाज नव्हता. चक्की सकाळी किती वाजता सुरू होते, एवढं त्यानं विचारून घेतलं आणि त्याआधी वाचायला सांगितलं.

हिशेब त्यानं वहीच्या कागदावर मांडला. पंखा २२०, पेस्ट ५०, मजुरी ८०. साडेतीनशे. तेल, ट्यूब, इलॅस्टिक, तारेची जाळी यांचे पैसे त्यानं लावलेच नव्हते. दुपार सरेपर्यंत चाललेल्या त्या कामाची किंमत त्यानं साडेतीनशेतून सामान वजा करून काढली होती. मला ते सहन झालं नाही. धारच्या दुकानात जे हजारांत विकायला काढलं होतं, त्यात हे ऐकणं कुठेच नव्हतं, आणि जे ऐकणं होतं त्याला ८० रुपये. मी तसं बोलले. बाईंनाही ते खटकलं होतं. पुढच्या पेन्शनला २०० आणखी देईन, असं त्या म्हणाल्या. त्यानं नाही म्हटलं नाही. कागदाखाली 'बाकी २००' लिहिलं, दिवाळीला जाळी साफ करायला येतो म्हणाला आणि दुकानाकडे निघाला. तिथे एका जिनिंगवाल्याचा डबा कापसानं भरून आला होता.