एसी लावला की गाडी खरंच 'मरते' का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजचा भाग, लिहून. विषय आहे एसी आणि गाडीची ताकद.

चढ लागला की बाजूच्या सीटवरून कोणीतरी म्हणतंच, "अरे, एसी बंद कर, गाडी खेचत नाहीये." हे खोटं नाही. पण अर्धवट आहे, आणि घाटात ओव्हरटेक करताना राहिलेला अर्धा भागच जास्त कामाचा असतो.

पेट्रोल-डिझेल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालत नाही. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून बेल्ट येतो, तोच त्याला फिरवतो. बहुतेक छोट्या गाड्यांत मध्ये एक मॅग्नेटिक क्लच असतो. बटण दाबल्यावर 'टक' ऐकू येतं ना, ते तेच. क्लच लागला की इंजिनावर साधारण दोन ते पाच हॉर्सपॉवरचं ओझं पडतं. ऊन किती, आरपीएम किती, त्यावर कमी-जास्त.

सपाट हायवेवर हे कळतही नाही. इंजिनाकडे ताकद शिल्लक असते, तुमचा पाय नकळत थोडा जास्त दाबतो आणि फरक पडतो तो पेट्रोलमध्ये. बॅकग्राउंडला चालणाऱ्या अ‍ॅपसारखं आहे हे. चांगल्या फोनवर जाणवत नाही, जुन्या फोनवर सगळं अडखळतं.

आता अल्टो ८०० घ्या. ७९६ सीसी, ४८ पीएस. पीएस म्हणजे ढोबळमानाने हॉर्सपॉवरच. ४८ मधून ३ गेले तर काय बिघडलं? गोची अशी की ते ४८ मिळतात ६००० आरपीएमला. तिथे आपण गाडी नेतो कधी? कमाल टॉर्क ६९ न्यूटन-मीटर, तोही ३५०० आरपीएमला. म्हणजे २००० आरपीएमवर, पूर्ण ६९ धरला तरी, हिशेब विसाच्या आतच येतो. खरं तर त्याहून कमी. त्यातले तीन एसीने नेले, गाडीत चार माणसं, डिकीत बॅगा, आणि समोर पसरणी घाट. वर पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. हवा विरळ होते, तशी टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते. मग गाडी 'मरते'.

पण हीच गाडी गिअर खाली घेऊन ३५०० आरपीएमला आणली, तर तेच इंजिन सुमारे ३४ देतं. कॉम्प्रेसरही जोरात फिरतो, थोडं जास्त खातो, मान्य. तरी एसी बंद करून तीन मिळतात आणि गिअर बदलून दहाच्या वर. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे एसीला शिव्या जास्त पडतात आणि गिअरला कमी. मायलेज जाईल म्हणून लोक चौथ्यातच रेटत राहतात, आणि एसटीच्या बाजूला पोचल्यावर कळतं की गाडी पुढे सरकतच नाहीये. समोरून ट्रक. तेव्हा एसीचं बटण शोधण्यात नजर रस्त्यावरून हटते, ते वेगळंच.

बऱ्याच गाड्यांत एक सोय असते. एक्सलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू कॉम्प्रेसरला काही सेकंद सुट्टी देतो. पण तिच्या भरवशावर ओव्हरटेक काढू नका. दुपदरी घाटात छोटी भरलेली गाडी असेल तर आधीच गिअर खाली, एसी बंद, आणि मगच इंडिकेटर.

एसी खरोखर बंदच करावा अशी वेळ म्हणजे टेम्परेचरचा काटा चढायला लागतो तेव्हा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला असतो, त्यामुळे त्याची गरम हवा थेट रेडिएटरवर जाते. अशा वेळी एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. घाम येईल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. तरीही काटा उतरला नाही तर जागा बघून गाडी बाजूला घ्या, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, तुमचा कॉम्प्रेसर मुख्य बॅटरीवर चालतो. पिकअपला फारसा धक्का नाही, रेंज मात्र कमी होते.