खांब किती उंच ठोकायचे?

२०२२ च्या २८ सप्टेंबरला दुपारी इयन हे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, कायो कोस्टा बेटापाशी धडकलं. वारा ताशी सुमारे २४० किलोमीटर. तिथून कालूसाहाची नदीच्या मुखातून आत गेलं की फोर्ट मायर्स शहर लागतं. शहराच्या अगदी काठाला पालिकेचा यॉट बेसिन आहे. हा सार्वजनिक मरीना १९३० च्या दशकात, महामंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून उभा राहिला. त्या दिवशी फोर्ट मायर्सच्या मापकावर पाणी रोजच्या भरतीच्या सरासरी पातळीपेक्षा ७.२६ फूट, म्हणजे जवळपास सव्वादोन मीटर वर गेलं. या मापकावरचा तो विक्रम होता.

मुंबईकराला सव्वादोन मीटर किरकोळ वाटेल. आपल्याकडे पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येतं. पण मेक्सिकोच्या आखातात गोष्ट वेगळी आहे. फोर्ट मायर्सला पाणी रोज फूट-दीड फूटच चढतं-उतरतं. त्यामुळे त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या स्थिर धक्के बांधले गेले: तळात खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या किंवा काँक्रीट. पाणी हलतच नाही तर धक्का कशाला हलायला हवा, हा हिशेब रोजच्या दिवसांसाठी बरोबरच होता.

वादळात तो असा चुकतो. वाऱ्याने ढकललेलं पाणी नदीच्या मुखात शिरतं. त्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते चढतं. (त्याच इयनने उत्तरेला टँपाच्या उपसागरातलं पाणी मात्र बाहेर लोटलं आणि तिथला तळ उघडा पडला. वादळाच्या कोणत्या बाजूला तुम्ही आहात यावर सगळं अवलंबून.) पाणी धक्क्याच्या पोटाला लागलं की तुळयांच्या मधल्या कप्प्यांत हवा कोंडते. पालथं घमेलं पाण्यात दाबून पाहिलं तर हाताला जो रेटा जाणवतो तोच हा रेटा, फक्त टनांमध्ये. त्यावर खालून लाटांचे तडाखे बसतात. धक्क्याची रचना वरून येणारं वजन पेलण्यासाठी केलेली असते, खालून उचलणारं बळ सोसण्यासाठी नाही. २००४ च्या आयव्हन आणि २००५ च्या कतरिना वादळांत महामार्गावरच्या पुलांचे जड काँक्रीटचे गाळेही असेच उचलले जाऊन घसरले होते. तिथे मरीनाची काय कथा!

त्यात होड्या. दोर रोजच्या पातळीला बांधलेले असतात. पाणी दोन मीटर चढलं की एकतर दोर तुटतो, किंवा ज्या खुंटीला तो बांधला ती उखडते, किंवा होडी एका बाजूने खाली ओढली जाऊन बुडते. सुटलेली एक होडी शेजारच्या चार सोडवते. सकाळी पाणी उतरतं तेव्हा यॉट रस्त्यावर, धक्के झाडीत आणि तळाशी काय काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती असते.

पुनर्बांधणीची सुरुवात म्हणूनच पाण्याखाली होते. आधी तेल: बुडालेल्या प्रत्येक होडीच्या टाकीत डिझेल किंवा पेट्रोल असतं, बॅटऱ्या असतात, शौचालयाची टाकी असते. ते काढल्याशिवाय क्रेन लावत नाहीत. मग मालक शोधायचा, कारण होडी ही खासगी मालमत्ता आहे आणि पालिका ती परस्पर भंगारात टाकू शकत नाही. मालकाचा विमा असेल तर विमा कंपनीचा माणूस येऊन पाहतो. विमा नसेल तर मालक अनेकदा येतच नाही. नोटीस, मुदत, पुन्हा नोटीस. त्यानंतर बार्जवरची क्रेन आणि पाणबुडे मिळून पोटाखालून पट्टे घालतात आणि होडी वर काढतात.

तळ मोकळा झाला की पाहणी सुरू होते. बोटीच्या बाजूने ध्वनिलहरी सोडून तळाचा नकाशा काढतात, आणि पाणबुडे एकेक खांब हाताने तपासतात. उभा दिसणारा खांब शाबूत असेलच असं नाही. काँक्रीटच्या खांबाला गाळाच्या पातळीजवळ बारीक तडा गेला तर खारं पाणी आत शिरून सळईला गंज चढतो आणि खांब काही वर्षांनी फुटतो. लाकडी खांबाची वेगळी तऱ्हा: शिंपल्यांच्या कुळातले, अळीसारखे दिसणारे जीव त्याला आतून पोखरतात, बाहेरून भोकं टाचणीएवढी. वादळ फक्त निमित्त होतं. हे सगळं क्रमांकासह, छायाचित्रासह नोंदवावं लागतं. ती फाइल पुढे पैशांच्या वेळी लागते.

आता पैसे. माझ्या मते मरीना पुन्हा उभा राहायला जी वर्षं लागतात त्यातली बहुतेक इथे जातात. लोकांना वाटतं ठेकेदार रेंगाळतोय, पण ठेकेदार अजून आलेलाच नसतो. अमेरिकेत १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याखाली फेमा ही केंद्रीय आपत्ती संस्था सार्वजनिक मालमत्तेच्या दुरुस्तीचा खर्च देते, साधारणपणे ७५ टक्के. उरलेला राज्याने आणि शहराने सोसायचा. पण शहराचा विमा असेल तर विम्याची रक्कम आधी वजा होते, कारण एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. म्हणजे विम्याचा दावा मिटेपर्यंत फेमाचा आकडाही पक्का होत नाही. मग प्रश्न येतो दुरुस्ती की नवं बांधकाम? दुरुस्तीचा खर्च नव्याच्या ५० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण बदलण्याचा पैसा मिळू शकतो. ४८ टक्के आणि ५२ टक्के यांच्यामधल्या फटीत दोन्ही बाजूंचे अभियंते महिनोन्‌महिने वाद घालू शकतात. गाळाबाबत तर आणखी कडक नियम आहे: वादळाने आणलेला गाळ काढायचे पैसे हवे असतील तर आधीची खोली किती होती आणि ती तुम्ही नियमित राखत होता, याच्या नोंदी दाखवा. ज्या शहराने वर्षानुवर्षं खोली मोजलीच नाही त्याला गाळ स्वखर्चाने काढावा लागतो.

शिवाय फेमाचा मूळ पैसा जसं होतं तसं करून देण्यासाठी असतो. पुढच्या वादळात टिकेल असं काही करायचं तर त्याचं वेगळं समर्थन मांडावं लागतं: जास्तीच्या खर्चाने भविष्यातलं किती नुकसान टळेल, याचं गणित. त्याच्या जोडीला परवाने. जलमार्गात काहीही ठोकायचं तर १८९९ च्या नद्या-बंदरं कायद्याखाली लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी लागते, आणि राज्याच्या पर्यावरण खात्याची वेगळी.

आराखड्याच्या टेबलावर बहुतेक शहरं आता तरंगते धक्के मागतात. पाण्याबरोबर धक्का वर जाईल, होडी वर जाईल, दोर ताणले जाणार नाहीत. कल्पना खरी आहे, पण अपुरी. तरंगता धक्का खांबांना कड्यांनी अडकवलेला असतो आणि त्यांच्यावरून वरखाली सरकतो. पाणी खांबाच्या डोक्याच्या वर गेलं की कडी निसटते, आणि मग होड्यांसकट अख्खा धक्का मोकळा होऊन किनाऱ्यावर आदळतो. एकेक होडी सुटण्यापेक्षा हे वाईट.

म्हणून सगळ्या आराखड्याचा जीव एका आकड्यात आहे: खांबाचं डोकं किती उंच? उदाहरणादाखल मांडून पाहू. इयनसारखं २.२ मीटरचं उधाण, त्यावर लाटेचा माथा अर्धा मीटर, धक्क्याचा पाण्यावर दिसणारा भाग अर्धा मीटर, आणि समुद्रपातळीची वाढ व अंदाजातली चूक यांसाठी आणखी सत्तर सेंटिमीटर. झाले ३.९ मीटर, तेही रोजच्या भरतीच्या वर. नदीकाठी फिरायला येणाऱ्याला शांत दिवशी एका मजल्याहून उंच खांब दिसतात आणि तो तक्रार करतो की दृश्य बिघडलं. तक्रार रास्त आहे. खांब तरीही कापू नयेत.

उंची फुकट मिळत नाही. बारा मीटर लांबीच्या मोटारबोटीची वाऱ्याला आडवी बाजू सुमारे २५ चौरस मीटर धरली तर ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर पावणेदोन टनांच्या आसपास ओढ येते. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणजे जवळपास सात टन. आडोशाच्या होड्यांना कमी वारा लागतो म्हणून काही सूट मिळते, पण अखेर ही सगळी ओढ कड्यांतून खांबांवरच येते. तीन मीटर पाणी आणि वरचा एक मीटर मऊ गाळ धरला तर साध्या दिवशी ती खांबाच्या घट्ट रुतलेल्या भागापासून चार मीटरवर बसते, उधाणात सहा मीटरच्या वर. तीच ओढ, पण खांब वाकवणारं बळ दीडपट. मग खांब जाड हवा, तळात खोल हवा, आणि खर्च वाढतो.

वादळाआधी होड्या काढायला लावल्या तर हा भार टळेल, असं कुणालाही सुचेल. फ्लोरिडाच्या कायद्यात त्याला आडकाठी आहे. चक्रीवादळाचा इशारा जाहीर झाल्यानंतर मरीना चालकाने होडी हलवण्याची सक्ती करू नये, असं तिथला कायदा सांगतो. होडी वाचवायला गेलेला मालक जिवाला मुकू नये हा हेतू. अभियंत्याला त्यामुळे प्रत्येक जागा भरलेली आहे असं धरूनच गणित करावं लागतं.

प्रत्यक्ष बांधकाम त्यामानाने सरळ असतं. खांब ठोकणाऱ्या बार्जभोवती गाळ पसरू नये म्हणून पाण्यात पडदा सोडतात. कालूसाहाचीत मॅनाटी हा संथ, शाकाहारी सागरी सस्तन प्राणी राहतो. तो कामापासून ५० फुटांच्या आत आला की पाण्यातलं सगळं काम थांबतं. हातोडा, क्रेन, बोट, सगळं. तो आपणहून निघून जाईपर्यंत वाट पाहायची, हुसकायचं नाही. वाळू असेल तिथे खांबाच्या टोकाशी पाण्याचा जोरदार फवारा मारून वाट करतात, शेवटचा भाग ठोकून बसवतात. खांब रांगेत आले की कारखान्यात तयार झालेले तरंगते ठोकळे पाण्यावरूनच ओढत आणून जोडायचे. हा भाग पाहायला गर्दी जमते, कारण रोज काहीतरी नवं दिसतं.

काठावरून धक्क्यावर उतरणारा पूल बिजागऱ्यांवर हलता असतो. पाणी उतरलं की त्याचा उतार वाढतो. चाकाच्या खुर्चीला उताराची जी मर्यादा आहे ती अमेरिकी नियमांत किमान ८० फूट लांबीच्या पुलाला लागू होत नाही, म्हणून अनेक सार्वजनिक मरीनांत तो लांबलचक दिसतो.

सर्वांत जपून करायचं काम विजेचं. प्रत्येक होडीला धक्क्यावरून वीज मिळते आणि तारा हलत्या सांध्यांतून जातात. एखाद्या होडीतून प्रवाह पाण्यात गळला तर जवळ पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात आणि तो बुडतो. गोड्या पाण्यात हा धोका अधिक, कारण तिथे पाण्यापेक्षा माणसाचं शरीर विजेला सोपी वाट देतं. आणि कालूसाहाची ओकीचोबी सरोवराचं गोडं पाणी घेऊन येते. थोडीशी गळती झाली तरी पुरवठा तोडणारी यंत्रणा नव्या धक्क्यांवर बसवतात. मग जुन्या होड्यांची वीज वारंवार जाते आणि मालक मरीनाच्या कार्यालयात भांडायला येतात. दोष बहुधा त्यांच्याच होडीच्या जुन्या वायरिंगमध्ये निघतो.

इंधनाचा पंप आणि शौचालयाच्या टाक्या उपसण्याची सोय यांच्या तपासण्या वेगळ्या, म्हणून या गोष्टी बऱ्याचदा शेवटी सुरू होतात. त्यानंतर भाडं ठरतं. ते जवळजवळ नेहमीच आधीपेक्षा जास्त असतं: शहराच्या वाट्याचा खर्च आणि वाढलेला विमा कुठून तरी भरून निघायला हवा. होडीतच राहणारे, निवृत्तिवेतनावर जगणारे जुने भाडेकरू त्यात मागे पडतात. करदात्याच्या पैशाने उभ्या केलेल्या धक्क्यावर मोठ्या यॉटचाच फायदा का व्हावा, हा प्रश्न पालिकेच्या सभेत कुणीतरी विचारतोच. मला तो रास्त वाटतो. त्याचं उत्तर काही जागा कमी भाड्याने राखून देता येतं, पण ते निविदा काढण्याआधी ठरलं तर. छोट्या होड्यांच्या जागा आराखड्यातच नसतील तर नंतर त्या काढायच्या कुठून? खांबांमधलं अंतर एकदा ठरलं की ठरलं.