राखेत राखलेले कडधान्य

अकोल्याच्या जुन्या शहरात काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, पूर्वी चुलीची राख वाया जात नसे. ती चाळून मडक्यातल्या तूर-मुगात मिसळीत. राखेने दाण्यांमधील पोकळी भरते, त्यामुळे भुंगेऱ्यांना फिरणे व अंडी घालणे कठीण होते. राखेचे कण किडीच्या अंगावरील मेणचट थर खरवडतात. कीड शुष्क होऊन मरते. दाण्यात शिरलेली अळी मात्र राखेने मरत नाही. म्हणून कीड लागण्यापूर्वीच कडधान्य कडक उन्हात वाळवून थंड करावे. राख लाकडाची वा गोवऱ्यांची, कोरडी घ्यावी. प्लास्टिक जाळलेली नको. वापरताना दाणे पाखडून, धुऊन घ्यावेत. राहत्या घरातील धान्यात विषारी वायूच्या गोळ्या कधीही ठेवू नयेत. त्या वायूने माणसे दगावतात.