खोडू नका, रेघ मारा

मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला, तो पुन्हा जुळला मुलीमुळे. ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आणि सोबत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घेते. जुन्या भाषेत डेमॉन्स्ट्रेटर, हल्लीच्या भाषेत टीचिंग असिस्टंट. हे काम कसं करावं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. विषय येतो म्हणजे शिकवता येतंच, असं आपण धरून चालतो.

पहिल्याच आठवड्यात ती रडवेली होऊन घरी आली. "अब्बा, आज एका मुलाच्या तोंडात कॉस्टिक गेलं," म्हणाली. त्यानं पिपेट तोंडानं ओढली होती. द्रावण सौम्य होतं; भरपूर पाण्यानं चुळा भरायला लावल्या, डॉक्टरांना दाखवलं, निभावलं. मी विचारलं, "तेव्हा तू कुठं होतीस?" ती खाली बघून म्हणाली, "कोपऱ्यात जर्नल्स तपासत बसले होते."

त्या रात्री आम्ही बापलेकीनं एका कागदावर काही गोष्टी उतरवल्या. ज्ञान तिचं, अक्षर माझं.

पहिली गोष्ट : मुलांच्या आधी प्रयोग स्वतः करून पाहायचा. ब्यूरेटची तोटी गळते का, द्रावण सगळ्यांना पुरेल का, हात नेमका कुठं अडखळतो, हे पुस्तक वाचून कळत नाही.

दुसरी : सुरुवातीची दहा मिनिटं धोक्याची. पिपेट रबरी फुग्यानंच भरायची. ओढणी, मोकळे केस बांधायचे. डोळ्यांवर चष्मा, अंगात ॲप्रन हवाच. आणि प्रत्येक नियमाचं कारण सांगायचं. पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी घालू नका, हे सगळे पाठ म्हणतात. पण का? तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता निघते. आम्ल पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून वरून ओतलेलं पाणी वरच राहतं, तिथंच उकळतं आणि आम्लासकट अंगावर उडतं. उलट, भरपूर पाण्यात थोडं थोडं आम्ल ढवळत घातलं, की ती उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. कारण कळलं की नियम जाच वाटत नाही.

ॲप्रनचंही तसंच. २९ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, हवा लागताच पेटणारं रसायन सिरिंजनं काढताना दट्ट्या निसटला आणि २३ वर्षांच्या संशोधन सहायक मुलीच्या स्वेटरनं पेट घेतला. अंगात लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. हे लिहिताना माझा हात थांबला. माझीही मुलगीच ना.

तिसरी गोष्ट : खुर्ची सोडायची. टेबलांमधून फिरत राहायचं. मात्र मुलाचं चुकतंय म्हणून त्याच्या हातातलं ब्यूरेट काढून घ्यायचं नाही. माझे शायरीतले उस्ताद माझा शेर कधी लिहून देत नसत. अडलेल्या शब्दाखाली रेघ ओढून कागद परत करत. मी चार दिवस चडफडायचो, पण पुढच्या वेळी तिथं अडखळत नसे. मुलीला म्हटलं, तूही तेच कर. "रंग इतका गडद गुलाबी का झाला असेल?" एवढंच विचार. शेवटचे थेंब घाईनं पडले, हे त्याला स्वतःला सापडू दे. आणि जोडीत मुलगा प्रयोग करतो, मुलगी फक्त आकडे लिहिते, असं दिसलं तर हात बदलायला लाव.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड. एकदा सगळ्या बॅचचं उत्तर आलं बरोबर १० मिलिलिटर. एकाचंही इकडंतिकडं नाही! गुण जातील या भीतीनं मुलांनी हुशार मुलाचा आकडा उतरवला होता. पण आकडा वेगळा येणं म्हणजे गुन्हा नव्हे. १८९२ साली लॉर्ड रॅले यांना असाच न जुळणारा आकडा मिळाला होता. हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरे, रासायनिक संयुगांपासून बनवलेला १.२५०५. फरक अर्ध्या टक्क्याचा. त्यांनी तो दडपला नाही, जाहीरपणे विचारला. पुढं विल्यम रॅम्झे यांच्यासह त्याचा पाठपुरावा केला आणि १८९४ मध्ये हवेत दडलेला आरगॉन वायू सापडला. १९०४ साली दोघांनाही नोबेल मिळालं.

म्हणून आम्ही नियम लिहिला : रीडिंग शाईनं, घेतल्या जागी, आणि त्याच दिवशी त्याखाली सही. गुण आकड्याला द्यायचे नाहीत, तो कसा आला हे सांगण्याला द्यायचे.

परवा एका मुलीचं रीडिंग आलं १०.४, बाकीच्यांचं १०.१. तिनं भीत भीत विचारलं, "मॅडम, खोडून १०.१ लिहू?" दोघींनी मिळून शोधलं. ब्यूरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा होता. तो मध्येच निघून गेला, त्याची जागा द्रावणानं भरली. ब्यूरेटमधली पातळी तेवढी उतरली, पण ते द्रावण फ्लास्कमध्ये पडलंच नव्हतं.

"खोडू नकोस," माझी मुलगी म्हणाली. "एक रेघ मार. खालचा आकडा दिसू दे. बाजूला लिही, बुडबुडा होता. आणि पुन्हा कर."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)