वडूजनंतर मणदूर

९ सप्टेंबर १९४२. परशुराम घार्गे यांच्या पुढाकारानं वडूजच्या कचेरीवर निःशस्त्र मोर्चा गेला. गोळीबारात ९ जण हुतात्मा झाले. मुलं विचारतात, "सर, मग पुढं?"

पुढं साताऱ्यातले कार्यकर्ते भूमिगत झाले. गनिमी काव्यानं लढायचं, म्हणजे अचानक गाठायचं आणि निसटायचं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अशीच लुटली. हा प्रसंग वर्गात रंगतोच!

पण प्रत्येक वेळी निसटता येत नाही. २५ फेब्रुवारी १९४५ ला वारणाकाठच्या मणदूर परिसरात सशस्त्र पोलिसांशी समोरासमोर चकमक झाली. नागनाथअण्णा नायकवडींचे साथीदार किसन अहीर आणि नानकसिंग तिथं पडले. शेणोलीच्या तासाला मणदूरही सांगायला हवं. उरलेल्यांना भाकरी नि आसरा गावांनीच दिला, म्हणून प्रतिसरकार त्यानंतरही चाललं.