सुवालीचा किनारा आणि भरतीचे पंचांग

समुद्रकाठच्या एखाद्या लहानशा गावी जाऊन सुटीचे चार दिवस विश्रांतीत घालवावेत, ही प्रथा इंग्लंडात रूढ झाली ती अठराव्या शतकात. १७५० साली रिचर्ड रसेल नावाच्या वैद्याने समुद्रजलाच्या औषधी गुणांवर लॅटिन भाषेत एक प्रबंध प्रसिद्ध केला, ब्रायटनसारखी कोळ्यांची वस्ती त्यानंतर श्रीमंतांच्या स्नानाचे स्थान बनली, आणि पुढे आगगाडी आली व १८७१ च्या कायद्याने सार्वजनिक सुट्या मिळू लागल्या तेव्हा कारकून आणि कामगारही कुटुंबासह समुद्राकडे धाव घेऊ लागले. परंतु रसेलचा प्रबंध निघण्यापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे इंग्रजांची ऊठबस ज्या एका समुद्रकाठच्या गावात चालू होती, ते गाव इंग्लंडात नसून आमच्या सुरतेच्या पश्चिमेस, तापीच्या मुखाच्या उत्तरेला आहे. त्याचे नाव सुवाली. सुरतेस येणारे मराठी पाहुणे किल्ला पाहतात, कापडबाजार पालथा घालतात, घारी आणि लोचो खाऊन परततात. हा किनारा मात्र त्यांच्या यादीत क्वचितच असतो, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

येथे येणाऱ्याने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा समुद्र पोहण्याचा नव्हे. कोकणातील पांढऱ्या वाळूची आणि निळ्या पाण्याची अपेक्षा मनात धरून जो येईल, त्याला काळसर वाळू व गढूळ पाणी पाहून निराशा वाटेल. कारण सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटरांचा प्रवास करणारी तापी दख्खनच्या काळ्या पाषाणाचा गाळ येथे आणून टाकते, आणि खंभातच्या आखाताचे तोंड रुंद व आतला भाग निमुळता असल्यामुळे भरतीचे पाणी जसजसे उत्तरेस सरकते तसतशी त्याची उंची वाढत जाते, ती इतकी की भावनगरच्या बाजूस भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरांच्या आसपास भरते. असे पाणी येताना वेगाने येते आणि जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. म्हणून येथील सुटीचा कार्यक्रम घड्याळावर न बसवता तिथीवर बसवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी, आणि तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ, हा हिशेब कोकणपट्टीतील जाणत्या माणसांना तोंडपाठ असतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अशी ती वेळ मुंबईस येते. सुरतेच्या किनाऱ्यावर तेच पाणी मुंबईच्या मागाहून काही तासांनी पोचत असल्याने तेवढी भर घालून, आणि तरीही स्थानिक मच्छीमाराला विचारून, मगच निघावे. ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूतून लांबवर फिरावे, पाणी पुन्हा वळण्यापूर्वी माघारी यावे, आणि मुलांना एकटे सोडू नये.

पूर्ण ओहोटीच्या वेळी सुवालीला उभे राहण्याचे आणखी एक प्रयोजन आहे. किनाऱ्याला समांतर अशी वाळूची एक लांबलचक पट्टी त्या काळी पाण्यातून डोके वर काढीत असे, आणि तिच्या व किनाऱ्याच्या मध्ये जहाजांना नांगर टाकण्याजोगे खोल, आडोशाचे पाणी सापडत असे. तापीच्या मुखाशी गाळ साचल्यामुळे मोठी गलबते सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत. सबब माल सुवालीला उतरवावा व तेथून बैलगाड्यांनी सुरतेच्या जकातनाक्यावर न्यावा, असा शिरस्ता पडला. १६१२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस कप्तान थॉमस बेस्ट याच्या ‘रेड ड्रॅगन’ व ‘होसिअँडर’ या दोन जहाजांवर पोर्तुगीजांची चार प्रचंड गलबते चालून आली, तेव्हा मोगलांच्या अंमलाखालील लोक किनाऱ्यावरून ती झुंज पाहत होते. पोर्तुगीजांची अवजड जहाजे उथळ पाण्यात वाळूला टेकली, इंग्रजांची हलकी जहाजे मोकळी फिरली, आणि निकाल तोफांइतकाच भरती-ओहोटीने लावला. पुढच्याच वर्षी, १६१३ मध्ये, इंग्रजांना वखारीचे फर्मान मिळाले. शाळेच्या पुस्तकात ही हकीकत दोन ओळींत आटोपते. परंतु त्या वाळूवर उभे राहून पाणी कसे सरते आणि कसे परतते हे एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे दोन जहाजे चारांना का भारी पडली हे कोणीही न सांगता उमजते.

१६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो येथेच उतरला, आणि बंदरावरील अंमलदारांनी रीतीप्रमाणे अंगझडती घ्यावयाची म्हणताच, आपण व्यापारी नसून राजप्रतिनिधी आहोत, असा आग्रह धरून त्याने ती नाकारली. त्याच काळात हिंदुस्थानात आलेल्या टॉम कोरयट या प्रवाशाविषयी मला अधिक जिव्हाळा वाटतो. इंग्लंडातील ओडकोंब या खेड्यात वाढलेला हा गृहस्थ व्हेनिसपर्यंतचा मोठा प्रवास करून आला, त्या प्रवासातील जोडे त्याने गावच्या चर्चमध्ये टांगले, आणि पुन्हा बाहेर पडून बहुतांशी पायी चालत अजमेरपर्यंत पोचला. तेथे त्याने जहांगीर बादशहापुढे फारशीत भाषण केले व बादशहाने झरोक्यातून खाली टाकलेले शंभर रुपये मिळवले. १६१७ च्या डिसेंबरात सुरतेस तो आजाराने वारला. सुवालीच्या वाटेवर राजगरी गावी घुमटाची जी जुनी वास्तू त्याची कबर म्हणून दाखवतात, ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. ती त्याचीच, असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीपण ज्याला पायी हिंडण्याची आवड आहे त्याने तेथे पाच मिनिटे अवश्य थांबावे.

येथे राहणारे इंग्रज स्वतः सुटी कशी घालवीत, याचे वर्णन १६३८ साली आलेल्या मांडेल्स्लो नावाच्या तरुण जर्मन प्रवाशाने करून ठेवले आहे. वखारीत दिवसातून दोनदा प्रार्थना होई; शुक्रवारी सायंकाळी प्रमुख मंडळी एकत्र जमून इंग्लंडात राहिलेल्या पत्नींचे क्षेम चिंतीत; एरवीच्या बैठकींत चहा घेतला जाई; आणि रविवारी प्रवचन आटोपल्यावर शहराबाहेरच्या बागेत जाऊन ते निशाणबाजीचा सराव करीत. हजारो कोस दूर असलेल्या घराची आठवण नियमाने, एका ठरलेल्या संध्याकाळी काढणाऱ्या त्या माणसांची ही नोंद वाचताना मन हेलावते.

त्यांच्यापैकी ज्यांना परतणे घडले नाही, ते कतारगाम दरवाजाजवळच्या कबरस्तानात आहेत, आणि सुटीतील एक सकाळ तेथे देणे मी आवश्यक समजतो. १६५९ मध्ये वारलेला ख्रिस्तोफर ऑक्झेंडन आणि १६६९ मध्ये वारलेला त्याचा बंधू सर जॉर्ज यांची दुमजली, घुमटाकार समाधी मशिदीच्या वा मकबऱ्याच्या थाटाची आहे. जिवंतपणी ज्या मोगल अंमलदारांशी त्यांनी बरोबरीचा दावा मांडला, त्यांच्याच वास्तुकलेत त्यांनी चिरविश्रांती घेतली. हाच सर जॉर्ज १६६४ च्या जानेवारीत, शिवछत्रपतींनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा, सुवालीच्या जहाजांवरील खलाशी आणवून वखार लढवीत बसला होता. शहराचा सुभेदार इनायतखान मात्र किल्ल्यात दडला होता. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले तेव्हा इंग्रजांचा अध्यक्ष जेराल्ड ऑन्जिअर आपल्या मंडळासह सुवालीस होता आणि वखारीचे रक्षण स्ट्रेनशॅम मास्टर याच्यावर पडले. मराठी वाचकाला सुरत माहीत असते ती या दोन स्वाऱ्यांमुळे. त्यांची दुसरी बाजू या समाधीच्या पायऱ्यांवर उभे राहून वाचावी.

शेजारच्या डच कबरस्तानात हेंड्रिक व्हान ऱ्हीड याची समाधी आहे. १६९१ च्या डिसेंबरात समुद्रप्रवासात त्याचा अंत झाला व देह सुरतेस आणला गेला. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करविला, आणि त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोकणी वैद्यांनी देवनागरी अक्षरांत दिलेले प्रमाणपत्र छापलेले आहे. या भव्य अष्टकोनी समाधीपुढे आपल्याकडील तिघा विद्वानांचे स्मरण करण्यास कोणता मराठी मनुष्य मागे राहील?

दुसरा दिवस डुमससाठी राखावा. तापीच्या दक्षिणेचे हे गाव पूर्वी सचीन संस्थानात मोडत असे, आणि सचीनचे नबाब म्हणजे जंजिऱ्याचे सिद्दी. जंजिऱ्याच्या गादीवरील हक्क सोडण्याच्या मोबदल्यात बालूमियाँ सिद्दीला गुजरातेतील हा मुलूख १७९१ साली पुण्याच्या दरबाराशी झालेल्या करारान्वये मिळाला, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तो त्या घराण्याकडे राहिला. ज्या सिद्दींनी मराठ्यांना जंजिरा कधी घेऊ दिला नाही, त्यांच्याच एका शाखेची पेशव्यांनी येथे सोय लावून दिली होती, ही गोष्ट आपल्या इतिहासप्रेमींतही थोड्यांनाच ठाऊक आहे. डुमसला दरिया गणेशाचे दर्शन घ्यावे, आणि मग खाण्याकडे वळावे: टोमॅटोच्या चकत्यांवर हिरवी चटणी लावून बेसनात तळलेली लष्करी भजी, आणि जांभळ्या कंदाच्या काचऱ्यांवर भरडलेले धणे-मिरे पेरून केलेली रतालू पुरी. या दोन्ही गोष्टी कढईतून काढताक्षणी खाव्यात. घरी बांधून नेण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की जोंधळ्याचा पोंक, म्हणजे आपला हुरडा, शेव व लिंबाच्या रसासह मिळू लागतो, आणि तो हंगाम फेब्रुवारीपर्यंत चालतो. सुरतेस यावयाचे असेल तर याच महिन्यांत यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ज्यांना समुद्रावर प्रत्यक्ष संचार करण्याची हौस आहे त्यांच्यासाठी सुवालीच्या वाटेवरील हजिऱ्याहून सौराष्ट्रातील घोघ्यास जाणारी, माणसांसह मोटारी व मालट्रकही नेणारी फेरीबोट ८ नोव्हेंबर २०२० पासून सुरू झालेली आहे. खुष्कीच्या मार्गाने सुमारे ३७० किलोमीटर पडणारे अंतर ती ९० किलोमीटरांत, चारेक तासांत काटते. तिकीट आगाऊ काढावे, सुटण्याची वेळ आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्यावी, आणि जागा शक्यतो मोकळ्या मजल्यावर धरावी. आत बसल्यास गढूळ पाण्याचा रंग कसा बदलत जातो ते दिसत नाही.