गरज आहे, मागणी नाही

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती सायंकाळी जी गर्दी लोटते, तिच्यात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानाकडे वळणारी माणसे थोडी नसतात. दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिलेल्या असतात; ‘तूर्त चार दिवसांच्याच द्या’ असे दुकानदाराला सांगितले जाते. यात पैशाची ओढाताण असते हे खरे, पण सारेच दुखणे पैशाचे नसते. क्षयरोगाची औषधे सरकार फुकट देते. इतकेच नव्हे, तर २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देण्याची योजना आहे. म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत औषधाची किंमत शून्याच्याही खाली गेली. तरीही सहा महिन्यांचा उपचार, दोन-तीन महिन्यांत बरे वाटू लागताच, सोडून देणारे रुग्ण असतातच. कोणाला शेजारीपाजारी कळेल याची धास्ती, कोणाचा ‘गोळ्यांनी उष्णता वाढते’ असा पक्का समज. येथे औषध चुकलेले नसते आणि बहुधा डॉक्टरही चुकलेला नसतो.

आरोग्य मानसशास्त्राचा अभ्यास सुरू होतो तो नेमका या जागी. मनोविकारांवर उपचार करणारे चिकित्सालयीन मानसशास्त्र वेगळे. आरोग्य मानसशास्त्र पाहते ते शरीराने आजारी पडलेल्या, किंवा उद्या पडू शकणाऱ्या, सामान्य माणसाच्या वर्तनाकडे. रोगाचा विचार शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी झाला पाहिजे, ही मांडणी अमेरिकन वैद्य जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये केली आणि पुढच्याच वर्षी तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेत या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. दीर्घकालीन आजारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी निम्म्याच्याच घरात असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नमूद केले होते. तेव्हा शहागंजातील गिऱ्हाईकाला अडाणी म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही.

आता हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकू पाहणाऱ्या येथील विद्यार्थ्याची स्थिती पाहू. मानसशास्त्राच्या एम.ए.त तो सर्वसाधारणपणे एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरता भेटतो. केवळ एम.ए. होऊन चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेता येत नाही. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याखाली त्यासाठी नोंदणी लागते आणि आजवर तिची मुख्य वाट मोजक्या जागांच्या दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जात होती. नोकरी करून शिकणारे शिक्षक, कारकून आणि संसारात गुंतलेल्या स्त्रिया यांना मुक्त विद्यापीठाच्या एम.ए.चा आधार होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण बंद करण्यास सांगितले. आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांविषयीचा २०२१ चा कायदा हे त्याचे कारण. तत्त्वतः निर्णय योग्यच म्हणावा लागेल. रुग्णासमोर कसे बसावे, केव्हा गप्प राहावे, हे टपालाने येत नाही. परंतु एक दार लावताना दुसरे उघडावयाचे असते याचा विसर पडलेला दिसतो. सायंकाळचे वर्ग कोठे आहेत?

याहून अवघड प्रश्न पदवीनंतरचा. अर्थशास्त्र गरज आणि मागणी यांत भेद करते. ज्या गरजेमागे पैसा मोजणारा कोणी उभा असतो, तीच प्रभावी मागणी होय. आरोग्य मानसशास्त्रज्ञाची गरज प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात आहे, पण तिच्यासाठी वेतन मोजणारा जवळजवळ कोणीच नाही. एचआयव्हीच्या समुपदेशन व चाचणी केंद्रांतील पदे हा त्यातल्या त्यात जवळचा मार्ग. ती पदेही कंत्राटी, आणि तेथे समाजकार्याच्या पदवीधराचाही तितकाच हक्क. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांसाठी तेवढीही व्यवस्था सर्वत्र नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यांतील बहुसंख्य ती खाणारे. गुटख्यावर राज्यात बंदी आली ती २०१२ मध्ये, म्हणजे ही पाहणी बंदीनंतरची. सवय कायद्याने सुटत नाही, ती सोडविणारा माणूस लागतो.

अशी माणसे तयार करण्याची सामग्री या शहरात नाही असे नव्हे. १९५६ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडची घाटी, आणि १९५८ चे विद्यापीठ यांच्यात अंतर फारसे नाही. आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन दिवस देखरेखीखाली तेथे बसविण्यास मोठ्या इमारती लागणार नाहीत. लागेल तो दोन खात्यांचा पत्रव्यवहार, आणि आपल्याकडे तोच सर्वांत महाग पडतो.

भाषेचा प्रश्नही आहेच. या विषयाची पुस्तके आणि प्रश्नावल्या मुख्यतः इंग्रजीत जन्मलेल्या. शहागंजातील मधुमेही रमजानचे रोजे धरतो, त्याचा शेजारी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन उपवास करतो, आणि दोघेही गोळीच्या वेळेबाबत डॉक्टरांना विचारीत नाहीत. का विचारीत नाहीत, याचा शोध घेणारी प्रश्नावली मराठीत आणि दखनी उर्दूत, घाटीच्या बाकावर बसून तयार करणे हा एम.ए.च्या प्रबंधाला पुरेसा विषय आहे.